ठोकण्यास हरकत नाही

पुस्तकाला एक खिळा ठोकायचा, एवढंच काम होतं. एबेनेझर अक्रोंगने सोमवारी सकाळी डायरीत तसं लिहूनसुद्धा ठेवलं: 'खिळा, दहा मिनिटं.' त्याखाली 'केस कापणे' होतं, त्याला त्याने अर्धा तास दिला होता. माणसाचा अंदाज किती चुकू शकतो बघा, त्या आठवड्यात केससुद्धा कापून झाले नाहीत.

उत्तर स्वीडनमधल्या ग्रानोसच्या विद्यापीठात पाच वर्षं काढून एबेनेझरने दलदलीतल्या एका बुरशीवर प्रबंध लिहिला होता. तिथली रीत अशी, की प्रबंध छापून आला की त्याची एक प्रत जाहीर व्हायवाच्या निदान तीन आठवडे आधी विद्यापीठाच्या दारातल्या लाकडी फळीवर ठोकायची. ठोकायची म्हणजे खरोखर, लोखंडी खिळ्याने, हातोडी घेऊन. हल्ली प्रबंध कॉम्प्युटरवरही चढवतात, पण खिळा ठोकल्याशिवाय व्हायवाची तारीख पक्की होत नाही. का ठोकायचा हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. पाच वर्षांत या देशात त्याने इतक्या गोष्टी न विचारता केल्या होत्या, की त्यात एका खिळ्याची भर पडली तर बिघडत नव्हतं.

व्हायवा होती नऊ जूनला, शुक्रवारी. म्हणजे खिळा एकोणीस मेच्या शुक्रवारपर्यंत. अख्खा आठवडा हातात होता. आणि ही तारीख हलवायची सोय नव्हती. घानामध्ये कोफोरिदुआच्या तंत्रनिकेतनात एबेनेझर जमीनशास्त्र शिकवायचा, तिथल्या प्राचार्यांनी त्याची अभ्यासरजा तीनदा वाढवली होती आणि चौथ्यांदा पत्र लिहिलं होतं, की एक जुलैला डॉक्टर होऊन हजर व्हा, नाहीतर आम्हाला आहे त्या माणसाला कायम करावं लागेल. आहे तो माणूस एबेनेझरच्याच खुर्चीत बसत होता आणि त्याने म्हणे तिला नवी गादी शिवून घेतली होती. एकोणीस मे हुकला तर पुढची तारीख थेट सप्टेंबरात, कारण जून संपला की त्या देशात कुणी कुणाची परीक्षा घेत नाही, सगळे आपापल्या तळ्याकाठी जाऊन बसतात.

शिवाय कापड होतं. एबेनेझरच्या बायकोने, कम्फर्टने, चर्चमधल्या बायकांना बरोबर घेऊन समारंभाचं कापड छापून घेतलं होतं. निळ्या रंगावर एबेनेझरचा गोल फोटो, खाली 'डॉ. एबेनेझर अक्रोंग, ९ जून'. कोफोरिदुआमधल्या चाळीस बायकांचे झगे शिंप्याकडे पडले होते. विद्यापीठाची तारीख एक वेळ बदलता येईल, पण चाळीस बायकांच्या पाठीवरची कशी बदलणार?

एबेनेझरच्या वसतिगृहात सात खोल्यांना मिळून एक स्वयंपाकघर होतं. वय चव्वेचाळीस, चर्चमध्ये एल्डर, तिकडे रस्त्याने निघाला तर विद्यार्थी धावत येऊन हातातली बॅग घ्यायचे. आणि इथे हा माणूस पाच वर्षं फ्रिजच्या तिसऱ्या कप्प्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवून जगत होता. विद्यापीठात कालची आलेली पोरगीसुद्धा 'काय एबेनेझर, कसा आहेस?' म्हणायची. त्याला ते सवयीचं झालं होतं, पण आवडलं कधीच नव्हतं. आपल्याकडून मात्र तो विभागप्रमुखांना 'लेन्नार्ट सर' म्हणत राहिला. लेन्नार्टला त्याचा त्रास व्हायचा आणि त्याबद्दल एबेनेझरला जरासुद्धा वाईट वाटत नसे.

समोरच्या खोलीत फरामर्झ राहायचा. हा मूळचा इराणमधल्या यझ्दचा, आणि प्रबंधाचं नववं वर्ष चालू होतं. या नऊ वर्षांत त्याने प्रबंध सोडून विद्यापीठातलं सगळं लिखाण वाचून काढलं होतं. नियम, पोटनियम, वसतिगृहाच्या कचऱ्याचे सात प्रकार, सगळं त्याला पाठ. सल्ला विचारला नाही तर तो स्वतः येऊन द्यायचा. मंगळवारी संध्याकाळी एबेनेझरने स्वयंपाकघराच्या टेबलावर पुस्तक आणि खिळा ठेवला, तोच हा चहाचा पेला घेऊन आला.

"आगा, पानं किती?" वयाने मोठ्या माणसाला तो आपल्या भाषेत 'आगा', म्हणजे साहेब, म्हणायचा.

"दोनशे चौदा."

"आणि हा खिळा थेट ठोकणार? वाकेल. वाकला की पान फाटेल, आणि पान फाटलं की प्रत रद्द. आधी भोक पाडावं लागतं. ड्रिलने."

ड्रिल विद्यापीठाच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या तोर्ब्योर्नकडे होतं. एबेनेझरने त्याला फोन लावला. तोर्ब्योर्न म्हणाला, ड्रिल आहे. देणार का? देणार. पण ज्याने ड्रिल वापरायचं अर्ध्या दिवसाचं सुरक्षा-प्रशिक्षण घेतलंय, त्याला. ते प्रशिक्षण कधी आहे? बावीस ऑगस्टला. मग तूच पाडून दे ना भोक, असं एबेनेझर म्हणाला. "दुसऱ्याचा प्रबंध मी कसा भोसकू?" तोर्ब्योर्नने विचारलं.

फरामर्झकडे त्यावरही उपाय होता. खिळा सांडशीत धरून लाल होईपर्यंत तापवायचा आणि पुस्तकाच्या कोपऱ्यातून आरपार घालायचा. त्याच्या मामाने यझ्दला चामड्याच्या पट्ट्यांना अशीच भोकं पाडली होती. एबेनेझरने खिळा तापवला आणि पुस्तकात घातला. पहिली साठ पानं लोण्यासारखी गेली. पुढे पुस्तकाने पेट घेतला नाही, पण असा काही धूर सोडला, की छतावरचं यंत्र कोकलायला लागलं, मग जिन्यातलं, मग अख्ख्या इमारतीतलं. दोनशे दहा विद्यार्थी चपला घालून हिरवळीवर आले. मे महिना असला तरी हिरवळीच्या कडेला बर्फ होता. अग्निशमन दलाची लाल गाडी आली, त्यातून शिरस्त्राणं घातलेली चार माणसं उतरली आणि त्यांनी विचारलं, काय जळत होतं. एबेनेझरने कोटाची बटणं लावली आणि सांगितलं, "माझा प्रबंध."

त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने पुस्तक हातात घेतलं, भोकातून आकाशाकडे बघितलं आणि परत दिलं. तो हसला नाही. तो हसला असता तर एबेनेझरला बरं वाटलं असतं. भोक मात्र छान पडलं होतं, फक्त ऋणनिर्देशाच्या पानावर ते नेमकं लेन्नार्टच्या नावातून गेलं होतं.

बुधवारी सकाळी अकरा चाळीसला एबेनेझर पुस्तक घेऊन विभागाच्या कार्यालयात गेला. तिथे मायब्रिट बसायची. एकतीस वर्षं त्याच खुर्चीत, त्याच कपात कॉफी. तिने पुस्तक उलटंपालटं केलं, भोकाला बोट लावलं, बोट हुंगलं.

"यावर लेन्नार्टचा शेरा कुठाय?"

"कसला शेरा?"

"'ठोकण्यास हरकत नाही.' विभागप्रमुखाने पहिल्या पानावर हाताने लिहायचं असतं. मग मी हा फॉर्म देते, मग खिळा, मग फॉर्मवर सही."

"मग सरांना बोलवा ना."

"लेन्नार्ट गेला. सकाळीच गेला, तळ्यावर. आता सोमवारी." तिने घड्याळाकडे बघितलं. "मी पण बाराला निघते. उद्या सुट्टी."

"कसली?"

मायब्रिटने त्याच्याकडे बघितलं. "स्वर्गारोहणाचा गुरुवार. येशू वर गेला तो दिवस."

आता हा घाव मर्मी बसला. एबेनेझर अक्रोंग, कोफोरिदुआच्या चर्चचा एल्डर, ज्याने दोनदा स्वर्गारोहणावर प्रवचन दिलं होतं, त्याला हा दिवस आठवला नाही आणि जी बाई नाताळलासुद्धा चर्चची पायरी चढत नाही तिला पाठ होता. घानात त्या दिवशी सुट्टी नसते हे खरं, पण हे मायब्रिटला सांगून उपयोग नव्हता.

"ठीक आहे," तो म्हणाला, "मग शुक्रवारी येतो."

"शुक्रवारी कुणी नसतं. तो चिमटलेला दिवस."

"चिमटलेला म्हणजे?"

"एका बाजूला गुरुवारची सुट्टी, दुसऱ्या बाजूला शनिवार. मधला शुक्रवार चिमटला जातो. अशा दिवशी कामावर कोण येईल?"

"पण माझी मुदत शुक्रवारपर्यंत आहे."

"हो," मायब्रिट म्हणाली. तिच्या आवाजात रागही नव्हता आणि दयाही नव्हती. "मग सोमवारी ठोक, आणि व्हायवा सप्टेंबरात घे. सप्टेंबर छान असतो." तिने फॉर्म मात्र हातात दिला, कारण फॉर्म द्यायला तिची हरकत नव्हती, आणि बरोबर बाराला दिवा घालवला.

एबेनेझरने बाहेरच्या बाकावर बसून लेन्नार्टला सात फोन केले. तळ्यावर फोन लागत नसे. म्हणूनच तर लोक तळ्यावर जात. मग त्याने कम्फर्टला फोन केला.

"कोजोचे बाबा, ठोकलंत का?" कम्फर्टने विचारलं. कोजो म्हणजे त्यांचा थोरला मुलगा.

"उद्या सुट्टी आहे."

"कसली?"

एबेनेझर जरा घुटमळला. "स्वर्गारोहणाची."

कम्फर्ट म्हणाली, "चांगला एल्डर निवडलाय आमच्या चर्चने. येशू दुसऱ्यांदा आला तरी तुम्हाला शेजाऱ्यांनी सांगावं लागेल. शिंप्याने तीस झगे शिवलेत. मी त्याला काय सांगू, की उरलेल्या दहांवर सप्टेंबर लिही?"

गुरुवारी सकाळी नऊला तळ्याकडे जाणारी एकच बस होती, परतीची चारला. विभागप्रमुखांच्या घरी जायचं, तेही सणाच्या दिवशी, म्हणून एबेनेझरने काळा सूट घातला, टाय बांधला आणि चर्चचे बूट चढवले. फरामर्झला कुणी बोलावलं नव्हतं. तो थर्मास आणि सुक्या तुतींची पिशवी घेऊन बसथांब्यावर आधीच उभा होता.

लेन्नार्ट पाण्यात होता. छातीपर्यंतची रबरी विजार घालून तो तळ्यात उभा होता आणि एका लांबलचक लाकडी धक्क्याचं एक टोक धरून दुसऱ्या टोकाकडे हताशपणे बघत होता. ही तिथली दर वर्षीची पूजाच. हिवाळ्यात बर्फाने मोडू नये म्हणून धक्का बाहेर काढून ठेवायचा आणि बर्फ वितळला की पुन्हा पाण्यात उभा करायचा, म्हणजे उन्हाळाभर त्यावर पाय सोडून बसता येतं. तळ्याच्या मधोमध अजून बर्फाचा एक राखाडी तुकडा तरंगत होता.

"अरे एबेनेझर! देवासारखा आलास. ते टोक धर."

"लेन्नार्ट सर, एक छोटा शेरा हवा होता. दोन मिनिटं."

"हो, हो, देतो की. आधी ते टोक."

शेडमध्ये लेन्नार्टच्या वडिलांची रबरी विजार होती. ते साडेसहा फूट होते. एबेनेझरने ती सुटावरूनच चढवली, काखेत गोळा करून धरली आणि पाण्यात उतरला. पाण्याचं तापमान सांगण्यात अर्थ नाही. ते विजारीच्या आत यायला सुरुवात झाली तेव्हा एबेनेझरने मातृभाषेत जे म्हटलं ते कुठल्याही प्रवचनात नव्हतं. तीन तास तो धक्क्याचा खांब मिठीत धरून उभा होता आणि लेन्नार्ट वरून घणाचे घाव घालत होता. प्रत्येक घावाला तळ्याचं थोडं पाणी टायवर उडत होतं. फरामर्झ काठावरच्या कोरड्या दगडावर बसून तुती खात होता.

"डावीकडे, आगा. नाही, तुमच्या डावीकडे. सरळ धरा, पडतोय तो."

मग कॉफी. कॉफी पिताना कामाचं बोलायचं नाही, हा लेन्नार्टचा जुना नियम. त्याने दोन कप घेतले, तेही सावकाश. शेवटी त्याने पुस्तक मागितलं तेव्हा कळलं, की त्याचा चष्मा सकाळीच तळ्यात पडलाय.

"शाई पण नाही इथे," तो म्हणाला आणि कानावरची सुताराची जाड पेन्सिल काढली. "कुठे लिहू?"

"इथे, सर. जरा वर. ते भोक सोडून."

"हे भोक कसलं?"

"खिळ्यासाठी."

"छान," लेन्नार्ट म्हणाला आणि भोकावरूनच तिरकं लिहीत गेला: ठोकण्यास हरकत नाही. सहीचं शेवटचं अक्षर टेबलावर उमटलं.

चारची बस चार वाजताच गेली होती. आता सव्वाचार झाले होते आणि हमरस्ता अकरा किलोमीटर लांब होता. एबेनेझर भिजलेल्या मोज्यांत चालत होता, पुस्तक शर्टाच्या आत पोटाशी धरून. कुठल्याही सुशिक्षित माणसाने या अवस्थेत देवाला काही प्रश्न विचारले असते, पण आज देव प्रवासात असल्याचं त्याला कालच कळलं होतं. फरामर्झ मात्र मजेत होता. चालता चालता त्याने मायब्रिटचा फॉर्म वाचायला घेतला, लोक जसं वर्तमानपत्र वाचतात तसा.

"आगा, इथे मायब्रिटचं नाव कुठे आहे?"

"ती सही करते दर वेळी."

"करत असेल. पण इथे लिहिलंय, ठोकताना हजर असलेल्या विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याची सही. कुठलाही कर्मचारी. आणि उद्या अख्ख्या विद्यापीठात कामावर असणारा एक कर्मचारी मला माहीत आहे."

एबेनेझर रस्त्यात थांबला. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्याला फरामर्झला मिठी मारावीशी वाटली. ओला होता म्हणून मारली नाही.

तो कर्मचारी म्हणजे तोर्ब्योर्न. तोर्ब्योर्न चिमटलेला दिवस घेत नसे, नाताळची जास्तीची सुट्टी घेत नसे, सर्दी झाली तरी घरी राहत नसे. वर्षभराची सगळी रजा साठवून तो सप्टेंबरात एल्क हरणांच्या शिकारीला जायचा. शुक्रवारी सकाळी दहाला तो तळघरातल्या आपल्या कामाच्या खोलीत होता. एबेनेझरने शेरा दाखवला, फॉर्म दाखवला, खिळा दाखवला. तोर्ब्योर्नने तिन्ही गोष्टी नीट पाहिल्या आणि मान हलवली.

"सगळं बरोबर आहे. सोमवारी ये."

"सोमवारी का?"

तोर्ब्योर्न बाजूला झाला. मागे सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर ती फळी आडवी ठेवली होती, दारातली, खिळे ठोकायची फळी. वर्षानुवर्षांच्या खिळ्यांची भोकं बुजवून, घासून, तिला जवसाचं तेल लावलं होतं. ती ओली चकचकत होती.

"चिमटलेल्या दिवशी कुणी येत नाही, म्हणून आजच लावलं. वाळायला तीन दिवस."

इथे एबेनेझर अक्रोंगचा बांध फुटला. पाच वर्षांचं सगळं बाहेर आलं. तो म्हणाला, मी चार हजार झाडांच्या मुळांशी गुडघे टेकले आहेत, उणे तीस अंशांत बुरशीला नमस्कार केलाय, चव्वेचाळिसाव्या वर्षी पोराबाळांच्या उष्ट्या भांड्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात, प्रबंध जाळलाय, दोनशे दहा माणसं थंडीत उभी केलीत, काल तीन तास दुसऱ्याच्या बापाच्या विजारीत उभा होतो, आणि माझ्या घरी चाळीस बायका माझं तोंड अंगावर घालून बसल्यात. मला एक खिळा ठोकायचाय, एक, फक्त एक. त्या देशात इतक्या मोठ्या आवाजात लोक बुडतानासुद्धा बोलत नाहीत. फरामर्झ भिंतीला टेकला.

तोर्ब्योर्न शांतपणे ऐकत होता. "जरा बाहेर जाऊन ओरड," तो म्हणाला. "ओल्या तेलावर धूळ बसते."

ते बाहेर गेले. बाहेर गेल्यावर एबेनेझरला ओरडण्यासारखं काही उरलं नाही. त्याला एकदम थकल्यासारखं झालं आणि तो सायकली ठेवायच्या शेडच्या पायरीवर बसला. नऊ जून गेला. खुर्ची गेली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलंही नाही.

"नियमात फळी नाहीये," फरामर्झ हळूच म्हणाला. "मी वाचलाय. 'विद्यापीठाच्या जागेत, कुणालाही वाचता येईल अशा ठिकाणी.' एवढंच. झाडाला ठोकायची बंदी आहे, ती वेगळ्या नियमात."

तोर्ब्योर्नने शेडच्या लाकडी भिंतीकडे बघितलं. ती लाल होती, कोरडी होती, आणि विद्यापीठाची होती. त्याने खिशातून हातोडी काढून एबेनेझरला दिली. हातोडीसाठी प्रशिक्षण लागत नव्हतं.

पहिला घाव खिळ्यावर बसला. दुसरा अंगठ्यावर. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या घावाला खिळा आत गेला आणि प्रबंध भिंतीवर लटकला, कोपऱ्यात जळका, पहिल्या पानावर तिरक्या पेन्सिलीचा. तोर्ब्योर्नने फॉर्मवर सही केली, तारीख घातली: एकोणीस मे. वेळही घातली. एबेनेझरने अंगठा तोंडात धरून कम्फर्टला फोन केला, आणि फोनमधून आलेला चर्चच्या बायकांचा कल्ला पार सायकलींपर्यंत ऐकू आला.

हे सगळं इथेच संपायला हवं होतं, पण आकाश भरून आलं होतं. तोर्ब्योर्न म्हणाला, पुस्तक भिजेल, आणि आत जाऊन एक लहान फळी घेऊन आला. पक्ष्यांच्या घरट्याला असतं तसं एक छप्पर तो पुस्तकावर बसवू लागला. बसवताना त्याची नजर पानांवर गेली. प्रबंध इंग्रजीत होता, पण शेवटी नियमाप्रमाणे चार पानांचा स्वीडिश सारांश होता. तोर्ब्योर्न तो वाचू लागला. एबेनेझर बघत राहिला. पाच वर्षांत त्याचं लिखाण कुणी असं उभ्याने, पगार मिळत नसताना, वाचलं नव्हतं. त्याने टाय सरळ केला.

"चार नंबरचा तुकडा," तोर्ब्योर्न वाचता वाचता म्हणाला. "दलदलीच्या पूर्वेला, मोठ्या दगडाशी. तोच ना?"

"तोच," एबेनेझर म्हणाला. तिसरं प्रकरण सगळं त्या तुकड्यावर होतं, चौथं सात नंबरच्या तशाच तुकड्यावर, आणि तिसरं प्रकरण म्हणजे प्रबंधाचा जीव. बाकी दलदल भुकेकंगाल, पण या दोन तुकड्यांत जमीन इतकी सकस, की झाडं दुप्पट वाढलेली. हे सगळं त्या बुरशीचं कर्तृत्व, असं एबेनेझरने पासष्ट पानांत सिद्ध केलं होतं.

"इथे तू लिहिलंस, या जागेला माणसाचा हात लागलेला नाही."

"नाहीच लागलेला. नकाशात तसं आहे."

"नकाशात नसणार," तोर्ब्योर्नने एक खिळा दातांतून काढला. "आमचं शिकारीचं मचाण होतं तिथे. माझ्या आजोबांपासून ते अठ्ठ्याण्णव सालापर्यंत. दर सप्टेंबरात चौदा माणसं, दोन आठवडे. त्या दगडामागे आमचा संडास होता."

छपरावर पावसाचे दोन थेंब पडले.

"किती वर्षं?" एबेनेझरने विचारलं.

"एकसष्ट. मी नऊ तारखेला येईन व्हायवाला, तिथे विचारीन. खिळा त्यासाठीच असतो ना? येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं आणि चुकलं असेल तर सांगावं. त्यालाच तीन आठवडे देतात."

एबेनेझरने खिळ्याकडे बघितलं. "हा काढता येतो का?"

"ठोकलेला काढता येत नाही," फरामर्झ म्हणाला. "पोटनियम सहा." मग तो जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "आता कळलं, मी नऊ वर्षं का ठोकलं नाही ते? आगा, ऐका माझं. हा सप्टेंबरची रजा सोडून काही मागत नाही. शिकारीला उपयोगी असं काहीतरी हातावर ठेवा, नऊ तारखेला याला दुसरं काही काम निघू शकतं."

एबेनेझरने या सूचनेवर विचार केला. खोटं कशाला सांगा, चांगला अर्धा मिनिट केला. खुर्ची डोळ्यांसमोर आली, तिच्यावरची नवी गादी आली, चाळीस पाठींवरचा आपलाच गोल चेहरा आला. त्याला तोर्ब्योर्नचा राग आला, त्याच्या आजोबांचा आला, चौदाच्या चौदा जणांचा आला. आणि त्याच वेळी, हे त्याला कबूल करायलाही जड जात होतं, पण डोक्यात हिशेब सुरू झाला होता: एकसष्ट वर्षं, चौदा माणसं, थंड जमीन, एवढं सगळं पचवलं कुणी? बुरशीनेच ना? मग तिने नेमकं केलं काय? पाच वर्षांत त्याला कुणी इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता, आणि त्याच्याकडे तीन आठवडे होते.

त्याने कोटाच्या खिशातून वही काढली, दुखरा अंगठा सांभाळत पेन उघडलं आणि पायरीवर शेजारी जागा केली.

"बसा, तोर्ब्योर्न सर," तो म्हणाला. "नीट सांगा. तो खड्डा किती खोल होता?"

'सर' ऐकून तोर्ब्योर्न जरा लाजला. तो बसला, हातोडी मांडीवर ठेवली आणि मनापासून आठवू लागला.

"कोणता?" त्याने विचारलं. "चार नंबरातला, की सात नंबरातला?"

एबेनेझरने त्याच्याकडे बघितलं, मग वहीचं पान उलटलं आणि वर लिहिलं: प्रकरण चौथं.